ठोंबरे बाईंचे तीन लाल ठिपके

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि ठोंबरे बाई एकोणसाठच्या. पाडव्याची गुढी उभारून मी नुकता गिरणीत येऊन बसलो होतो. बाई दारात आल्या, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, एक विचारायचंय. गिरणी चालू असली की मागच्या भिंतीला हादरा बसतो का?"

माझ्या गिरणीबद्दल असं कुणी विचारलेलं मला खपत नाही. कर्जतहून चौक गावाकडे येणाऱ्या रस्त्याला, खालापूरच्या हद्दीत आमचं गाव. गावातली ही भाताची गिरणी माझ्या बापाने बसवली. पाया त्याने स्वतः खणला, दगड स्वतः निवडले, बोल्टांभोवती शिसं स्वतः ओतलं. तरुणपणी तो भिवपुरीच्या वीजघरात मजूर होता. तिथली यंत्रं कशी बसवलीत ते डोळ्यांनी बघून आला होता. तेव्हा मी बाईंना सांगितलं, "हादरा? पेला काठोकाठ भरून ठेवा भिंतीला. थेंब सांडायचा नाय."

"कोतात पाणी येत नाही, आप्पा," बाई म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर ठेवते."

कोत म्हणजे हत्यारांची कुलूपबंद खोली. पोलिसांतला शब्द. बाईंनी तीस वर्षं पोलिसांच्या कोतात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाल्या आणि आमच्या गावच्या पिस्तुलाच्या क्लबात हत्यारं सांभाळायला आल्या. नेमबाजी चालायची मागच्या डोंगराखाली, जुन्या खडीच्या खाणीत. हत्यारं राहायची माझ्याच इमारतीच्या मागच्या गोदामात, लोखंडी दाराआड. ते गोदाम मी क्लबला भाड्याने दिलं होतं. पुढे माझी गिरणी, मागे बाईंचा कोत, मध्ये एक भिंत.

बाई बुटक्या आणि अंगाने भरलेल्या, पण चाल कवायतीची. खाकी पॅन्ट आणि वर ढगळ सदरा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पिस्तूल धरलं तरी वेळ दिसते आणि काच चमकत नाही." आता कुठे पिस्तूल धरत होत्या त्या? तरी घड्याळ काही फिरवून बांधलं नाही. कोतात पाणी न्यायचं नाही, चहा न्यायचा नाही, सत्यनारायणाचा प्रसाद असला तरी दाराबाहेरच खायचा. दुपारची भाकरी त्या माझ्या ओट्यावर येऊन उभ्याने खात.

"बसा की बाय."

"बसलं की झोप येते."

"मंग झोपा. कोण मोजतंय?"

"मी मोजते."

एका शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. तो शब्द 'बहुतेक'. कुणी म्हणालं, 'बाई, पिस्तुलात गोळी नाही बहुतेक,' की त्या ते पिस्तूल हातातून काढून घेत आणि त्या माणसाला त्या दिवशी परत देत नसत. म्हणायच्या, "बहुतेक असेल तर पंचांगात बघ. इथे उघडून बघायचं." क्लबात मोठमोठ्या गाड्यांतून माणसं यायची. डॉक्टर, वकील, एक तर निवृत्त साहेब होता. सगळे बाईंसमोर शाळेतल्या पोरांसारखे पिस्तूल उघडून दाखवत उभे राहायचे. मला ते बघायला बरं वाटायचं. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण मला कधी त्यांनी अशा रांगेत उभं केलं नाही. मला म्हणायच्या, "आप्पा कारागीर आहेत. कारागिराचा शब्द घ्यायचा असतो."

हे वाक्य पुढे मला फार जड गेलं.

ठिपक्यांचं प्रकरण त्याआधीच्या थंडीत सुरू झालं. पिस्तुलाच्या पाठीवर हल्ली काडेपेटीहून लहान अशी एक काच बसवतात. काचेतून बघितलं की लाल ठिपका दिसतो. ठिपका निशाणावर आला की चाप ओढायचा. पुढचा खुंट आणि मागची खाच जुळवत बसायला नको. सगळी मंडळी त्याला रेड डॉट म्हणायची, बाई मात्र ठिपकाच म्हणायच्या. हा ठिपका जळतो नाण्याएवढ्या चपट्या सेलवर.

क्लबात जवळच्या कोंडाणे गावची वैशाली नावाची मुलगी होती. बाप शेती करतो, ही पोलीस भरतीत दोनदा पडली आणि मग नेमबाजीत शिरली. हात असा स्थिर की बाई म्हणायच्या, हिच्या मनगटावर दिवा ठेवला तर ज्योत हलणार नाही. बाहेरगावच्या एका स्पर्धेत ती पुढे चालली होती. शेवटच्या फेरीत तिचा ठिपका विझला. पाच गोळ्या राहिल्या होत्या. त्या तिने रिकाम्या काचेतून अंदाजाने झाडल्या आणि निवड हुकली.

टेंपोतून परत येताना ती एवढंच म्हणाली, "बाई, ठिपका गेला तवा मला वाटलं माझे डोळेच गेले."

तो सेल बाईंनी वर्षभरापूर्वी स्वतःच्या हाताने घातला होता. हे त्या मला दुसऱ्या दिवशी ओट्यावर सांगत होत्या. भाकरी हातात तशीच.

"खोक्यावर लिहिलं होतं, पाच वर्षं चालतो. मी खोक्यावर विश्वास ठेवला."

"मंग चूक खोक्याची."

"खोकं कोतात काम करत नाही आप्पा. मी करते." मग भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "माझ्या कोतातून गेलेला ठिपका परत विझणार नाही."

रागाने बोलल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो. त्यांनी ते असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की उद्या भात भरडायला आणते.

क्लबचे शेठ माणूस वाईट नव्हते, पण घाईचे. त्यांनी ठरवलं, सगळ्या पिस्तुलांना एकाच जातीचे दहा नवे ठिपके घ्यायचे. तीन कंपन्यांचे नमुने आणले आणि बाईंना म्हणाले, आठ दिवसांत सांगा कुठला घेऊ.

बाई म्हणाल्या, "दसऱ्याला सांगते."

"दसरा? अहो, आत्ता पाडवा आहे."

"खोकं वाचायला आठ दिवस लागतात, शेठ. ठिपका वाचायला सहा महिने."

शेठनी मान डोलावली, कारण बाईंशी वाद घालायला उभं राहावं लागायचं आणि त्यांचे गुडघे दुखायचे. दसऱ्याच्या मुहूर्तावर सही करायची असं ठरलं. पाडव्याच्या सकाळी त्या भिंतीबद्दल विचारायला आल्या त्या याचसाठी. तिन्ही ठिपके त्यांना भिंतीतल्या फळीवर मांडायचे होते.

त्यांनी कंपन्यांची नावं पांढऱ्या चिकटपट्टीने झाकून टाकली. वर लिहिलं अ, ब, क, आणि सेल घातल्याची तारीख. "नाव दिसलं की मन झुकतं," म्हणाल्या.

मग भर दुपारी तिन्ही ठिपके घेऊन खाणीत गेल्या. मी पण गेलो, बघू तरी काय करते बाई. एप्रिलचं ऊन, पांढरा फुटका दगड, डोळे उघडवत नव्हते. एकेक ठिपका त्या दगडावर रोखून त्यांनी उजेड वाढवत नेला. ज्या घडीला ठिपका दगडावर नीट दिसला तिथेच थांबवला. "खोक्यावरचे तास मंद उजेडाचे असतात आप्पा. वात बारीक केली तर कंदीलही आठवडाभर पुरतो. आमची पोरं या उन्हात उभी राहतात. इथे दिसेल तोच उजेड खरा."

क ठिपका शहाणा होता. आजूबाजूचा उजेड बघून आपोआप कमी-जास्त व्हायचा, त्यामुळे सेल वाचवायचा. पंधरा दिवसांत बाईंनी त्याला काढून टाकला. नेमबाज उभे राहतात पत्र्याच्या सावलीत आणि निशाण असतं उन्हात. क सावलीचा उजेड बघून मंद व्हायचा आणि उन्हातल्या निशाणावर दिसेनासा व्हायचा. बाई म्हणाल्या, "हा आपल्या डोक्यावरचं छप्पर बघतो, समोरचं ऊन बघत नाही."

"माणसं पण असतात अशी," मी म्हणालो.

"असतात ना," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी काय केलं होतं कोण जाणे.

राहिले अ आणि ब. अ साधा. बटण दाबलं की चालू, परत दाबेपर्यंत चालूच. ब जरा वेगळा. हलवलं की जागा व्हायचा आणि स्थिर ठेवला की पाच-सहा मिनिटांत आपला आपण झोपायचा. झोपला की सेल खर्च होत नाही. वैशालीला तोच आवडला होता. "हातात घेतला की जागाच असतोय बाई. बटण शोधाया नको, इसरायची भीती नाय." पण ब ला नुसता फळीवर झोपवून ठेवला तर तो वर्षानुवर्षं टिकेल, त्याला अर्थ काय? म्हणून बाई रोज पोरांच्या सरावाइतका वेळ, दोन तास, त्याला सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायच्या. सरावाला असोत की माझ्या ओट्यावर, खिशातून लाल उजेड झिरपायचा. गावातल्या बायका विचारायच्या, बाईंनी खिशात काय निखारा ठेवलाय?

सेल आणायला त्या कर्जतच्या बाजारात जात. एकदा मला मोटरचा पट्टा घ्यायचा होता म्हणून बरोबर गेलो. बाईंनी दुकानदाराकडून सेलची पाकिटं घेतली, मागची तारीख वाचली आणि खिशातून मीटर काढून एकेक सेल तपासायला लागल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, कलिंगडं आहेत का टिचक्या मारून घ्यायला?"

"कलिंगड पांढरं निघालं तर गुरांना घालता येतं," बाई म्हणाल्या. "हा सेल फुसका निघाला तर एक मुलगी हात हलवत घरी येते."

दुकानदाराला काही कळलं नाही. पण त्यापुढे बाई दिसल्या की तो स्वतःच मीटर काढून काउंटरवर ठेवायचा.

असा उन्हाळा गेला, भाताच्या आवण्या झाल्या. रोज सकाळी नऊ वाजता बाई कोताचं लोखंडी दार धाडकन उघडायच्या, दहापर्यंत आत बसून हत्यारं पुसायच्या आणि वहीत लिहायच्या: अ चालू, ब चालू. माझी गिरणी आठलाच सुरू झालेली असायची. शुक्रवारी लाईट नसायची म्हणून गिरणी बंद आणि क्लबही बंद. मी भिंतीपलीकडून ओरडायचो, "बाय, ठिपक्यांना नैवेद्य दावला का?"

"तुमच्या गिरणीला दाखवते. ती जास्त ओरडते."

श्रावणात ब मेला. खोक्यावर वर्षांची भाषा आणि हा चार-साडेचार महिन्यांत संपला. अ मात्र रात्रंदिवस जळून जिवंत. बाईंनी ब मध्ये दुसरा सेल घातला, परत तारीख लिहिली आणि दसऱ्यासाठी कागद तयार केला: ब नापास, अ घ्यावा. वैशालीचं तोंड उतरलं.

"बाई, पर मला त्योच हाताला बसलाय."

"हाताला बसतो आणि ऐन वेळी विझतो. आठव जरा."

तिला आठवत होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्राला सुट्टी. नांगर असो की मोटर, त्याला धुऊन पुसून हळद-कुंकू लावायचं, झेंडू घालायचा आणि दिवसभर हात लावायचा नाही. मी पट्टा उतरवला, भात भरडायच्या हलरला माळ घातली, बापाच्या फोटोला एक फूल वाहिलं. मागे कोतात बाईंनी पिस्तुलांची पूजा मांडली. नारळ अर्थात दाराबाहेर फोडला.

दुपारी त्या ओट्यावर आल्या. हातात भाकरी नव्हती.

"आप्पा, गिरणी चालू करा."

मला वाटलं चेष्टा करतायत. "आज?"

"दहा मिनिटं."

"बाय, आज खंडेनवमी हाय. यंत्राला कुंकू लागलंय. तुमी तरी आज पिस्तूल झाडाल का?"

"नाही झाडणार," त्या म्हणाल्या. मग ओट्याच्या कडेला बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. "ब झोपला, आप्पा. माझ्या डोळ्यांसमोर."

"झोपंल नाय तर काय? झोपायसाठीच केलाय ना त्याला?"

"रोज सकाळी मी तासभर त्या खोलीत असते. माझ्यासमोर तो एकदाही झोपला नाही. मला वाटायचं माझ्या पुसापुशीने जागा राहतो, मी दार लावून गेले की झोपत असेल. आज पूजेआधी मी तसंच सगळं पुसलं. तेच टेबल, तेच हात. सहाव्या मिनिटाला झोपला. आज खोलीत सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त..."

गिरणी बंद होती आणि डोंगरावरचा भारद्वाज घुमत होता तो दोघांनाही ऐकू येत होता. एरवी माझ्या ओट्यावर पाखरू कधी ऐकू आलं नाही.

"उद्या दहा वाजता शेठ माझ्या कागदावर सही करणार," बाई म्हणाल्या. "भिंत हलत असेल तर ब दिवसभर जागा राहिलाय, रोज दहा-दहा तास. मग तो नापास नाही, मी त्याला झोपू दिलं नाही. वैशालीचा ठिपका मी चुकीच्या कागदावर नाकारतेय. हे आज कळायला पाहिजे."

"मंग लिवा ना तसं. भिंत हलते म्हणून लिवा."

"बहुतेक हलते, असं लिहू?"

मी ओट्यावर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा करायला लागलो.

"उद्या सकाळी चालू कराल?"

"उद्या अकराला भटजी येनार. नारळ फुटल्याबिगर पट्टा फिरायचा नाय."

बाईंनी मनगट उलटं करून वेळ बघितली, "बरं," म्हणाल्या आणि उठून गेल्या. दुसऱ्याच्या देवाच्या आड त्या कधी आल्या नाहीत. एक शब्द जास्त बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

खरं सांगतो, खंडेनवमीचं निमित्त होतं. माझी बायको होती तेव्हा रोज सकाळी म्हणायची, "लावलीत गिरणी? माझी भांडी नाचाया लागली." आमचं घर गिरणीला लागूनच. फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. मी तिला म्हणायचो, भांडीच पातळ घेतलीस तू. चाळीस वर्षं भांड्यांवर ढकललं. पाडव्याच्या दिवशी बाईंना पेल्याची बढाई सांगितली तेव्हाही त्या वाट्या मला ठाऊक होत्या.

पुढचं आधी सांगून टाकतो. दसऱ्याला दहा वाजता शेठ, नेमबाज मंडळी, वैशाली, सगळे माझ्या अंगणात जमले. हातात आपट्याची पानं. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पहिली फेरी रद्द. ब ला परत तपासायला लागेल."

शेठ म्हणाले, "म्हणजे सहा महिने वाया?"

"वाया नाही. चूक कुठे आहे ते सापडायला सहा महिने लागले."

"चूक कुणाची?"

"माझी. मी विचारलं, पण तपासलं नाही." त्यांनी सदऱ्याच्या खिशाला हात लावला, पण बाहेर काही काढलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

शेठ वैतागले. "मी अ घेऊन टाकतो. मुहूर्त आहे."

"घ्या. पण त्यावर माझी सही नसेल आणि उद्यापासून कोताच्या चाव्या माझ्याकडे नसतील."

शेठ थोडा वेळ पानं हातात घोळवत राहिले. मग एक पान बाईंच्या हातावर ठेवून म्हणाले, "घ्या बाई, सोनं. करा काय ते."

तो हंगाम त्यांनी जुन्याच ठिपक्यांवर काढला, दर महिन्याला नवा सेल घालून. ब ची दुसरी फेरी खाणीकडच्या एका पडक्या खोपीच्या दगडी जोत्यावर, लोखंडी पेटीत झाली. अ लाही नव्या सेलने पुन्हा बसवला. पेटी ठेवण्याआधी बाईंनी त्या जोत्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि अर्धा तास उन्हात उभ्या राहून बघितला. पुढच्या पावसाळ्यात अ विझला. ब पुढच्या खंडेनवमीलाही जळत होता. दहा ब आले, आणि शेठनी खाणीच्या बाजूला नवा कोत बांधला. तिथे गिरणीचा आवाजसुद्धा पोचत नाही.

एवढं करून बाईंनी नियम काय घातला, तर दर खंडेनवमीला सगळे सेल बदलायचे, जिवंत असोत की मेलेले. मी म्हणालो, "अजून जळतायत की बाय. मंग येवढी तपासणी कशाला केलीत?"

"किती टिकतो ते कळलं, म्हणून किती टिकू द्यायचा ते ठरवता येतं."

काढलेले सेल त्या गावात वाटायच्या. कुणाच्या वजनकाट्याला, कुणाच्या गाडीच्या रिमोटला. माझ्या घरातला वजनकाटा अजून त्यातल्याच एकावर चालतो.

वैशालीची पुढे निवड झाली. फोन आला तेव्हा बाई माझ्या ओट्यावरच होत्या. त्यांनी आधी विचारलं, "ठिपका?" मग ऐकलं, मग विचारलं, "आणि नंबर?"

गेल्या वर्षी बाई सांगलीकडे बहिणीच्या घरी राहायला गेल्या. चौकाच्या नाक्यावर मी त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीशी बसल्या होत्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, मनगट उलटं करून वेळ बघितली. गाडी वेळेवर सुटली असावी, कारण चेहरा समाधानी दिसला.

राहिलं ते खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बाईंनीही नाही.

उजाडायला उठलो. आंघोळ केली, बापाच्या फोटोकडे न बघता गिरणीत गेलो. हलरची झेंडूची माळ उतरवून खुंटीला टांगली. नारळ फुटला नव्हता, भटजी यायला चार-पाच तास होते. पट्टा चढवला आणि बटण दाबलं. मग माठातलं पाणी घेऊन पेला काठोकाठ भरला आणि इमारतीला वळसा घालून मागे गेलो. सांडू नये म्हणून पावलं मोजत चाललो होतो.

कोताचं दार उघडं होतं. बाई आत स्टुलावर बसल्या होत्या. कधीच्या आल्या होत्या ठाऊक नाही. त्यांनी पेल्याकडे बघितलं.

"कोतात पाणी..." मी उंबऱ्यावर थांबून म्हणालो.

"आणा."

मी पेला फळीवर ब च्या शेजारी ठेवला. बाईंनी हात गुडघ्यांवर ठेवले, मनगट उलटं केलं. मी भिंतीपासून दूर उभा राहिलो. दोघंही हललो नाही. पाण्यावर बारीक कडी उठत होती, एकात एक, थांबतच नव्हती. मग एक थेंब काठावरून ओघळला आणि फळीवर उतरला. सहा मिनिटं झाली, दहा झाली. ब जागाच.

मी जाऊन गिरणी बंद केली आणि परत आलो. पाणी निपचित झालं होतं, छपराचा वासा त्यात दिसत होता. सहाव्या मिनिटाला ब विझला.

बाईंनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि दसऱ्याच्या कागदावर चिकटवून त्याच्यावर लिहिलं: 'ब. पहिली फेरी रद्द. कारण'. तिथे थांबल्या आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"मी?"

"गिरणी तुमची आहे."

मला लिहायला वेळ लागतो. त्यांनी घाई केली नाही. मी लिहिलं, 'गिरणी हलते.' त्याच्या खाली सही म्हणून पूर्ण नाव लिहिलं. पूर्ण नावात मधे बापाचं नाव येतं. तेही लिहिलं.